तिसऱ्या कप्प्यातली बेरीज

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला आणि माझी नणंद एका दमात म्हणाली, "वहिनी, पेटी मेली. आणि सगळे म्हणतायत मीच मारली."

"कुठली पेटी?" मी विचारलं. सकाळी सकाळी कुणाचं रडणं ऐकायची मला सवय नाही. आधी चहा, मग रडणं.

"ऑफिसातली. सगळी ड्रॉइंगं तिच्यातच आहेत. काल साहेब ऑफिसात गेले तेव्हा दोन लाल दिवे लागलेले दिसले. गुरुवारी अकराला समितीला ते ड्रॉइंग दाखवायचंय, वहिनी. नाही दाखवलं तर माझं लायसन्स गेलं, वर पोलीस..." पुढे नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

माझा धंदा मेलेल्या डिस्कमधून माहिती बाहेर काढायचा. लोक माझ्याकडे लग्नाचे फोटो, प्रबंध आणि स्वतःची पापं घेऊन येतात. मी तिन्ही सारख्याच थंडपणे काढून देते. पण घरच्या माणसाचं काम म्हटलं की माझ्या कपाळावर आधीच आठ्या पडतात. आणि ही तर नणंद. काडीसारखी बारीक, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून मी तिला पेन्सिलच म्हणते. इमारतींची गणितं करणाऱ्या एका इंजिनियरच्या ऑफिसात ती ड्रॉइंगं काढते.

प्रकरण मला माहीत होतं. आधीच्या सोमवारी एका नव्या दवाखान्याच्या दारावरचा छज्जा कोसळला. खाली वॉचमन बसला होता, त्याच्या पायाचा चुराडा झाला. मंगळवारी चौकशी समितीने काँक्रीट फोडून पाहिलं, तर आत बाराच्या जागी आठ मिलिमीटरच्या सळ्या. ड्रॉइंगमध्ये काय आहे, असं समितीने विचारलं. साइटवरची प्रत हरवली होती. ऑफिसने बुधवारी संध्याकाळी नवी प्रत छापून दिली. तिच्यात 'आठ' होतं आणि कोपऱ्यात पेन्सिलची आद्याक्षरं. ती मात्र छातीवर हात ठेवून सांगत होती, "मी बाराच लिहिले होते."

"मूळ फाइल आणा," समिती म्हणाली.

आणि ती फाइल ज्या पेटीत होती ती शनिवारी दुपारी मेली. त्या दुपारी ऑफिसात कोण होतं, हे मी विचारलं.

"मी होते," पेन्सिल म्हणाली. "एकटीच."

२

ऑफिसच्या जिन्यावरच साहेब भेटले. साहेब म्हणजे इंजिनियर, ऑफिसचे मालक, पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट आणि सुकलेला चेहरा.

"तुम्ही तिच्या भावजय ना?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"हो. गावात हे काम करणारं दुसरं कुणी असेल तर मी इथूनच परत जाते."

दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी वाट सोडली. त्यांच्या मागे त्यांचा भाचा उभा होता. साइटची सगळी देखरेख त्याच्याकडे. तिशीचा, चटपटीत, बोलायला गोड. "या, या," तो म्हणाला. "काहीही करा, पण फाइल परत आणा. बिचारीचा जीव टांगणीला लागलाय." मला तो बरा वाटला. आपल्या माणसाला कुणी बिचारी म्हटलं की आपण विरघळतोच.

पेटी पेन्सिलच्या टेबलाशेजारच्या कपाटात होती. चार कप्पे, प्रत्येकात एक डिस्क. कप्प्यांवर पेन्सिलच्या सुबक अक्षरात चिकटवलेले आकडे: १, २, ३, ४. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यावर लाल दिवा.

"मला एक कळत नाही," साहेब म्हणाले. "विकणारा म्हणाला होता, ही रेड आहे, हिच्यातलं काही कधी जात नाही."

रेड या शब्दावर विकणाऱ्यांनी जेवढ्या थापा मारल्यात तेवढ्या दुसऱ्या कशावर मारल्या नसतील. मी साहेबांना टेबलावर चार चिठ्ठ्या मांडून दाखवलं. "समजा एका आईने आपल्या तीन मुलांची वयं तीन चिठ्ठ्यांवर लिहिली आणि चौथीवर तिघांची बेरीज. एक चिठ्ठी हरवली तर उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो. ही पेटी तेच करते. फाइलीचे तुकडे करते, तीन तुकडे तीन डिस्कवर, चौथीवर बेरीज. त्या बेरजेला पॅरिटी म्हणतात. ही झाली एक ओळ. पुढच्या ओळीत बेरजेची पाळी पहिल्या डिस्कवर, त्याच्या पुढच्या ओळीत दुसऱ्या. पाळी फिरत राहते, म्हणजे कुठली एक डिस्क मेली तरी काम चालतं."

"आणि दोन गेल्या तर?"

"दोन चिठ्ठ्या हरवल्या तर आईलाही वयं सांगता येणार नाहीत."

पेटीची स्वतःची एक छोटी नोंदवही असते, ती डिस्कवर नसते. मी ती माझ्या लॅपटॉपवर उघडली. यंत्र शून्यापासून मोजतं, तेव्हा मनातल्या मनात एक मिळवत वाचावं लागतं. दीड महिन्यापूर्वी 'डिस्क दोन', म्हणजे तिसऱ्या कप्प्यातली, आपोआप बंद पडली होती. पेटीने बीप बीप सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला कुणीतरी समोरचं बटण दाबून तो आवाज बंद केला. तेव्हापासून पेटी लंगडत, तीन डिस्कवर चालली होती. आणि परवा शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी 'डिस्क एक', दुसऱ्या कप्प्यातली, बाहेर ओढली गेली. चार तेराला परत आत.

ही डिस्क आपोआप मेलेली नव्हती. तिला हाताने ओढलं होतं.

मी मान वळवून पेन्सिलकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

३

मी एकेकाला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. मी पोलीस नाही, पण डिस्कवाली बाई बोलवतेय म्हटल्यावर लोक येतात. डॉक्टरसमोर बसल्यासारखे बसतात आणि खोटं बोलतात.

साहेब म्हणाले, "खरं सांगू? राहू दे. समितीला कळवतो, डेटा गेला."

"का हो? तुमचीच माणसं अडकलीयत."

"त्या ड्रॉइंगवर माझाही शिक्का आहे. आठ निघालं तर मीही गेलो." ते चष्मा पुसत बसले. "मंगळवारी समितीने साइटला सील ठोकलं, दारावर शिपाई बसवला. बुधवारी अकरापासून तीनपर्यंत मला आणि तुमच्या नणंदेला समोर बसवून ठेवलं, पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. आता मला काहीही उघडायची हिंमत नाही."

कागदी प्रत ऑफिसात नव्हती. सही केलेली एकच प्रत साइटवर जाते, बाकी सगळं पेटीत. शिक्कासुद्धा फाइलीतच. मी मनात कपाळावर हात मारला.

भाचा आला तो हसतच. "शनिवारी? मी मावशीकडे, गावाबाहेर. आमच्या पंधरा माणसांना विचारा." विचारलंही नंतर. खरं होतं.

"छज्जा पडल्यापासून ऑफिसात होतात का?"

"छे हो! पळापळ नुसती. सोमवारी दवाखाना, मंगळवारी समिती, बुधवार अख्खा दिवस साइटवर. संध्याकाळी येऊन ती प्रत छापली तेवढीच." मग पुढे झुकून हळूच म्हणाला, "ताई, फाइल निघेल ना? निघायलाच हवी."

"पेटी उघडायला पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"सगळे तिच्याच नावाने उघडतात. तिने पासवर्ड पहिल्या दिवशी ओरडून सांगितला होता. घरचंच वातावरण आहे आमचं."

शेवटी पेन्सिल. खुर्चीच्या टोकावर बसली, जसं काही मी तिची वहिनीच नव्हे.

"शनिवारी का आली होतीस?"

"फाइल बघायला. गुरुवारी ती छापलेली प्रत पाहिली, शुक्रवारी झोपूनच होते. शनिवारी म्हटलं बघू या." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आठच होतं, वहिनी. साडेतीनला मी निघून गेले."

"पेटीला हात लावलास?"

"नाही."

"आणि दीड महिन्यापूर्वी ती बीप बीप करत होती ते?"

"बीप? मला नाही आठवत."

या ऑफिसात साडेनऊला येणारं एकच माणूस आहे. बाकीचे दोघे साडेदहाला उगवतात, हे तिनेच माझ्या स्वयंपाकघरात शंभरदा सांगितलंय. ती धडधडीत खोटं बोलत होती, आणि तिला शनिवारी पेटी मारायला सर्वांत चांगलं कारणही होतं.

४

मी चारही डिस्क दुकानात नेल्या. साहेब रडतखडत हो म्हणाले, भाच्याने पेटी स्वतः गाडीत ठेवून दिली.

मूळ डिस्कला मी कधीच हात लावत नाही. आधी प्रत्येकीची हुबेहूब नक्कल. सोमवार त्यातच गेला. जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतेय तुझी चौकशी?" मी सांगितलं की तुझी बहीण काहीतरी लपवतेय. त्याने ताट बाजूला सारलं. "लहानपणी तिने फुलदाणी फोडली तर स्वतःच कान धरून उभी राहायची. तू तिच्यावर संशय घेतेस?"

"मी सगळ्यांवर घेते. तू शनिवारी चार वाजता कुठे होतास?"

तो हसला नाही.

मंगळवारी सकाळी मी कामाला लागले. दुसऱ्या कप्प्यातली डिस्क तीनच मिनिटं बाहेर होती. ती धडधाकट होती. पेटी बिचारी घाबरून दार लावून बसली होती, एवढंच. पहिली, दुसरी, चौथी अशा तीन नकला एकत्र बांधल्या, तिसरीचे तुकडे बेरजेवरून काढायला लावले, आणि साडेअकराला सगळं ऑफिस माझ्या पडद्यावर उघडलं. छज्ज्याची फाइलही. तारीख दोन महिन्यांपूर्वीची, छज्जा ओतायच्या आधीची. बनवणारी: पेन्सिल.

सळ्यांचा तक्ता उघडला. व्यास: आठ.

मला खरंच वाईट वाटलं. मी पेन्सिलला बोलावून घेतलं. ती येऊन माझ्या स्टुलावर बसली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मीच."

"तारीख जुनी आहे. नंतर कुणी बदललेलं दिसत नाही."

ती उठायला लागली, आणि मधेच थांबली. "वहिनी, जरा खाली सरकव. तक्त्याच्या शेवटी. वजन काय आहे?"

"ऐंशी किलो."

तिने केसांतली पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या एका पाकिटाच्या मागे भराभर आकडे मांडले. चाळीस सळ्या, प्रत्येकी सव्वादोन मीटर. "आठच्या सळ्या असत्या तर पस्तीस-छत्तीस किलो. ऐंशी बाराच्या सळ्यांचं होतं." तिने ऐंशीखाली दोनदा रेघ ओढली. "तक्ता करणारा माणूस व्यास बदलला की आधी खालची बेरीज बदलतो. हात आपोआप तिथे जातो. हे माझं नाही. आठचा आकडा माझा नाही!"

"समिती म्हणेल, तुझ्याकडून बेरीज चुकली."

"माझ्याकडून?" तिने मान वर केली, आणि आठवड्यात पहिल्यांदा ती मला माझ्या नणंदेसारखी दिसली. "माझ्याकडून बेरीज चुकत नाही."

"बरं. मग बीपबद्दल खोटं का बोललीस?"

तिने पेन्सिल परत केसांत खोचली. मग म्हणाली, "बटण मीच दाबलं. डोकं उठलं होतं. स्क्रूभाऊला फोन केला, तो म्हणाला उद्या येतो. उद्या काही आला नाही, आणि मी विसरून गेले. मला वाटलं, तेही माझ्यावर येईल."

स्क्रूभाऊ. या माणसाचं नाव आतापर्यंत कुणी घेतलंच नव्हतं.

५

स्क्रूभाऊ म्हणजे ऑफिसातले संगणक बघणारा. महिन्या-दोन महिन्यांनी येतो, खिशात स्क्रू खुळखुळत असतात. त्याचं दुकान माझ्यापासून तीन गल्ल्या लांब. मी गेले तेव्हा तो एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसला होता.

"त्या ऑफिसात? दोन महिने फिरकलोही नाही, ताई," तो म्हणाला. "म्हणजे, दोन नंबरची डिस्क गेल्याचा मेल आला होता पेटीकडून, जायचं होतं, पण राहिलं."

"दोन नंबरची?"

"हो, मेलमध्ये लिहिलं होतं ना. डिस्क दोन."

त्याच्यामागच्या फळीवर नव्या डिस्कचं खोकं होतं. सील फोडलेलं, डिस्क आतच.

"स्क्रूभाऊ, ती नवी डिस्क कुणासाठी आणली?"

खुळखुळ थांबली.

"यंत्र शून्यापासून मोजतं," मी म्हणाले. "शून्य, एक, दोन. डिस्क दोन म्हणजे तिसरा कप्पा. पण माझ्या नणंदेने कप्प्यांवर एकपासून आकडे चिकटवलेत. तुम्ही शनिवारी चारला गेलात, घाईत लाल दिवाही न बघता 'दोन' वाचून '२' ओढलात. चांगली, चालती डिस्क. आधीच एक मेलेली, त्यात ही. पेटीने मान टाकली. तुम्ही घाबरून ती परत ढकललीत आणि पळालात. किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

तो प्रिंटरशेजारी फरशीवरच बसला. "वीस वर्षं झाली मला या धंद्यात. शिकाऊ पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत. छज्ज्याचं प्रकरण ऐकलं आणि वाटलं, दीड महिना डिस्क बदलली नाही हे बाहेर आलं तर मलाच धरतील. म्हणून गुपचूप बदलायला गेलो. गुपचूप!"

रागवावं की हसावं ते मला कळेना. पेटी कुणी मारली याचं उत्तर मिळालं होतं, आणि त्या उत्तराचा 'आठ'शी काडीचाही संबंध नव्हता. दोन वेगवेगळे घोळ एकाच आठवड्यात एकमेकांवर पडले होते आणि आम्ही सगळे त्यांना एकच समजत होतो.

मग परत येताना गल्लीच्या तोंडाशी मी उभीच राहिले. पेटी मारणाऱ्याला काही लपवायचं नव्हतं. ज्याने आकडा बदलला, त्याला तर पेटी जिवंतच हवी होती. आत 'आठ' होतं ना, त्याच्या कामाचं!

पेटी मेल्याचं सर्वांत जास्त दुःख कुणाला झालं होतं?

६

पण मला वाटून काय उपयोग? समितीपुढे वाटणं चालत नाही. फाइलीवरची तारीख खोटी असू शकते. संगणकाचं घड्याळ दोन महिने मागे नेऊन सेव्ह केलं की जुनी तारीख पडते. पण हेही नुसतं बोलणं. आकडा नंतर बदलला याचा पुरावा हवा होता.

संध्याकाळी पाचला दुकानात शिरताना माझी नजर टेबलाच्या कडेला बाजूला ठेवलेल्या तिसऱ्या डिस्कवर गेली. दीड महिन्यापूर्वी गळालेली, तरी नक्कल निघण्याइतपत वाचता आलेली. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा. ज्या दिवशी ती पेटीतून गळाली, त्या दिवसापासून तिच्यावर एक अक्षर लिहिलं गेलं नव्हतं. नंतर कुणी फाइल बदलली असेल तर ती बाकीच्या तिघींवर. हिच्यावर जुनंच राहणार.

म्हणजे तक्त्याचा तुकडा हिच्यावर असेल तर!

पेन्सिल अजून दुकानातच होती. मी तिला काही सांगितलं नाही. फाइलीचा शेवटचा तुकडा, ज्यात तक्ता होता, तो कुठल्या डिस्कवर पडतो ते शोधलं. पहिलीवर निघाला. तिसरीवर नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण नणंदेसमोर घालत नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तिसरीवर तुझा तक्ता नाहीये."

"मग काय आहे त्या ओळीत तिच्यावर?"

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. 

"बेरीज," मी म्हणाले. "त्या ओळीत बेरजेची पाळी तिसरीची होती."

पेन्सिलला समजावून सांगावं लागलं नाही. ती आकड्यांची बाई आहे. त्या ओळीतले बाकीचे दोन तुकडे कधीच्या बंद पडलेल्या कामांचे होते, चार वर्षांत कुणी त्यांना हात लावलेला नव्हता. म्हणजे तीन मुलांपैकी दोघांची वयं तीच, आणि आईची जुनी बेरीज हातात. आताची बेरीज जुळली असती तर तक्ताही तोच, कुणी काही बदललं नाही. मी जुळवली. जुळली नाही.

मग जुन्या बेरजेतून ते दोन तुकडे वजा करायला लावले. उरलेला तुकडा पडद्यावर उतरला. अर्धी अगम्य अक्षरं, आणि मधोमध साधा मजकूर. सळ्या: चाळीस. लांबी: सव्वादोन मीटर. वजन: ऐंशी किलो.

व्यास: बारा.

पेन्सिलने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. चहा झालेला होता, त्यामुळे मी तिला रडू दिलं.

७

बुधवारी तीन वाजता सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. साहेब, भाचा, पेन्सिल, आणि दाराजवळ स्क्रूभाऊ, हात बांधून.

"फाइल निघाली का?" भाच्याने मी बसायच्या आधीच विचारलं.

"निघाली. आठ आहे."

त्याने सुस्कारा टाकला. साहेबांनी डोळे मिटले. मी हे दोन्ही पाहून घेतलं आणि मग दोन कागद टेबलावर ठेवले, एकावर आठ, एकावर बारा. बेरजेचं सगळं सांगितलं. स्क्रूभाऊने आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली; खाली बघून सांगितली, पण सांगितली.

"म्हणजे गेल्या दीड महिन्यात कुणीतरी बाराचे आठ केले," मी म्हणाले. "आणि असा माणूस, ज्याला खालची बेरीज बदलायचं सुचलं नाही. साहेब, तुम्ही बदलला असता तर?"

"वजन आधी बदललं असतं," साहेब सवयीने बोलून गेले.

"हिनेही. म्हणजे तक्ता रोज करणारा माणूस नव्हे. आता पेटीतली दुसरी नोंद. मागच्या बुधवारी सव्वाएक वाजता, या खोलीतल्या या संगणकावरून, माझ्या नणंदेच्या नावाने कुणीतरी पेटी उघडली होती. संगणकाचं घड्याळ मागे नेलं तरी पेटीचं घड्याळ वेगळं असतं, ते बरोबरच होतं. ती आणि साहेब तेव्हा समितीपुढे होते, अकरा ते तीन. स्क्रूभाऊला इमारतींतलं ओ की ठो कळत नाही. तिघांचे पत्ते लागले. चौथ्याचा त्यावरून निघतो."

"मी साइटवर होतो," भाचा म्हणाला. गोडवा आवाजातून गेला होता. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंत. अख्खा दिवस." मी साहेबांकडे वळले. "साहेब, साइटला सील कधी ठोकलं?"

साहेब भाच्याकडे बघत राहिले. तो त्यांच्या बहिणीचा मुलगा. शाळेतून आणायला तेच जात असत, हे मला पेन्सिलने नंतर सांगितलं.

"मंगळवारी," ते म्हणाले. "दारावर शिपाई होता. कुणालाही आत सोडत नव्हते."

 मग साहेबांनी विचारलं, "बाराच्या सळ्या का नाही घातल्यास?"

"ट्रक आला नव्हता, मामा." भाच्याचा चेहरा एकदम लहान झाला. "उद्घाटनाची तारीख ठरली होती. आठच्या पडल्या होत्या साइटवर. मुकादम म्हणाला, एवढासा छज्जा आहे, काय होतंय. मी हो म्हटलं. ती साइटवरची प्रतही मीच... मला वाटलं, हिच्यावर आलं तर नुसता दंड होईल. ड्रॉइंगची चूक कुणाकडूनही होते."

"नुसता दंड?" पेन्सिल उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ती टेबलावरचं काहीतरी फेकणार. "त्या माणसाचा पाय कापावा लागेल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी रोज जाऊन बसते तिथे. रोज त्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघत मी स्वतःला विचारत होते, मी बारा लिहिले होते की आठ? तू मला माझाच हात खोटा वाटायला लावलास!"



साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ओतायच्या आधी सळ्या तपासायला मी स्वतः जायला हवं होतं," ते म्हणाले. "मी याला पाठवलं. उद्या समितीपुढे हे सगळं मीच सांगणार. तू माझ्या शेजारी बसशील," हे भाच्याला. मग पेन्सिलकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले.

गुरुवारी त्यांनी तसंच केलं. समितीने पेन्सिलचं नाव खोडलं, भाच्याचं लिहिलं, आणि साहेबांचंही. तिसऱ्या कप्प्यातली डिस्क पाकिटात घालून, मोहोर लावून त्यांनी ठेवून घेतली.

शुक्रवारी मी नवी डिस्क बसवायला गेले. ऑफिसात पेन्सिल एकटीच होती.

"वहिनी, खरं सांग. तुला वाटलं होतं ना, मीच?"

"सोमवार दुपारपासून मंगळवार दुपारपर्यंत."

"एवढा वेळ?"

"तू बीपबद्दल खोटं बोललीस. मी काय तुझी आरती ओवाळायची होती?" मग मला राहवलं नाही. "चुकलं माझं. तुझ्या भावाने सांगितलं होतं."

तिने मान हलवली. "मलाही वाटलं होतं, मीच. शनिवारी घरी जाऊन मी नुसती हाताकडे बघत बसले होते." थोड्या वेळाने तिने विचारलं, "स्क्रूभाऊने वेळेवर डिस्क बदलली असती तर?"

"तर नव्या डिस्कवरही नवी बेरीज चढली असती. सगळं एकमेकांशी जुळलं असतं. मी समितीला लिहून दिलं असतं, आठ."

"तूही?"

"मीही."

 मग नखाने तिने कप्प्यांवरचे जुने आकडे खरवडून काढले, केसांतली पेन्सिल काढली, चार नव्या चिठ्ठ्यांवर सावकाश लिहिलं: ०, १, २, ३. सरळ रेषेत चिकटवल्या. मी नवी डिस्क '२' मध्ये सरकवली. बाकीच्या तिघींवरून पेटी ती भरायला लागली आणि एकदम बीप वाजला.

पेन्सिलचा हात सवयीने बटणाकडे गेला. बटणापाशी पोहोचून थांबला. तिने हात मागे घेतला, माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पेटी काय म्हणतेय ते आधी शेवटपर्यंत वाचलं.